पत्रा कापण्यापूर्वी

दसऱ्याच्या दिवशी आपल्याकडे मोटारीच्या बॉनेटवर झेंडूची माळ चढते, हळदकुंकवाची बोटे उमटतात, चाकाखाली लिंबू ठेवले जाते आणि नारळ फुटतो. वर्षभर त्या यंत्राने केलेल्या सेवेची ही कृतज्ञ पोच असते आणि तीत वावगे काहीच नाही. परंतु ज्या झाकणावर आपण ही माळ घालतो, ते उघडून आत डोकावणारे मालक आपल्यात किती, असा प्रश्न केला तर पुष्कळांना मान खाली घालावी लागेल. तेलाची काडी कोठे असते, एअर फिल्टर कोणत्या डब्यात बसतो, हे मेस्त्रींनी पाहावे आणि आपण पैसे मोजावेत, अशी सोयीस्कर वाटणी आपल्या सुशिक्षित समाजात केव्हाच होऊन गेली आहे. यंत्राची पूजा आपली आणि यंत्राची ओळख दुसऱ्याची, असा हा व्यवहार आहे.

हे सारे आठवण्यास एक लहानसे निमित्त घडले. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर फोंड्याच्या रस्त्यावरील एका जुन्या गॅरेजात आम्हांस तासभर थांबावे लागले. तेवढ्यात विशीबाविशीचा एक तरुण तेथे आला. त्याच्या हातात पुठ्ठ्याचे खोके होते आणि खोक्यात फायबरचा, पुढून उघडा व मागे निमुळता होत गेलेला एक कुबडासारखा तुकडा. मोटारीच्या बॉनेटवर बसवावयाचा तो ‘स्कूप’ त्याने घरबसल्या मागविला होता. स्वतःच्या नव्या गाडीचे बॉनेट घरच्या अंगणात स्वतःच कापून तो बसविण्याचा त्याचा बेत होता. त्याच्यापाशी कटर नव्हता. तो दोन दिवसांसाठी मिळतो का, हे विचारण्यास तो आला होता.

मेस्त्रींनी तो तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, “कटर ने रे पुता. पण ह्या भोकातून वारा आत जाईल तसे पाणीही जाईल. ते कुठून बाहेर काढणार, ते आधी सांग.”

“मेस्त्री, वारा आत सोडायचा नाहीच. नुसतं दिसायला हवं.”

“मग कापतोस कशाला? वरून चिकटव.”

तरुण ओशाळला. तो खोके घेऊन परत जाईल असे आम्हांस वाटले होते. परंतु तो गेला नाही. तेथेच बाकावर बसला आणि मग वारा आत नेमका का न्यावयाचा असतो, असे त्याने मेस्त्रींनाच विचारले. त्या प्रश्नामुळे आम्हांसही या विषयाकडे निव्वळ पोरखेळ म्हणून पाहवेना. बॉनेटला भोक पाडणे ही बाब क्षुल्लक खरी; परंतु माणसाने आपल्या मालकीच्या वस्तूवर आपला हात किती चालवावा, आणि त्या हाताला समाजाने कोठे अडवावे, हा प्रश्न क्षुल्लक नाही.

या हौसेचे माहेर अमेरिका आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. १९०८ पासून १९२७ पर्यंत फोर्ड कंपनीने आपल्या ‘मॉडेल टी’ मोटारी दीड कोटीहून अधिक संख्येने बनविल्या. पुढे त्या जुन्या झाल्या, कवडीमोलाने विकल्या जाऊ लागल्या आणि शेतकऱ्याच्या वा कामगाराच्या मुलालाही मोटार घेता येऊ लागली. कॅलिफोर्नियातील तरुणांनी या जुन्या गाड्यांचे मडगार्ड, छप्पर, जे जे जड ते उतरवून टाकले, इंजिने उकलून पुन्हा जोडली आणि मोहावी वाळवंटातील कोरड्या सरोवरांच्या सपाट पात्रांत त्या पळविण्यास सुरुवात केली. या पळापळीला शिस्त लावण्यासाठी १९३७ साली तेथील मंडळांनी एकत्र येऊन वेळ मोजणारी संघटना स्थापन केली. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना विमाने आणि रणगाडे दुरुस्त करण्याची सवय झाली होती. त्यांनी या छंदात भर घातली. १९४८ च्या जानेवारीत ‘हॉट रॉड’ हे मासिक निघाले, १९५१ मध्ये शर्यतींची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि १९६३ मध्ये सुटे भाग बनविणाऱ्या छोट्या कारखानदारांनी आपला संघ स्थापन केला. ज्या छंदाला प्रारंभी पोलीस उपद्रव मानीत होते, तो एका पिढीच्या आत उद्योग झाला. त्याचे कारण असे की, छंद करणाऱ्यांनी स्वतःच वजनकाटा, घड्याळ आणि तपासणी यांचा आग्रह धरला. शर्यतीस उभ्या राहणाऱ्या गाडीची आधी पाहणी होई, आणि जीत दोष निघे तिला मागे काढीत.

बॉनेटवरील स्कूपची कथा या इतिहासातच गुंफलेली आहे आणि ती मोठी बोधप्रद आहे. १९६४ साली पाँटिअ‍ॅक कंपनीने ‘जीटीओ’ नावाचे ६.४ लिटरच्या दांडग्या इंजिनाचे मॉडेल काढले. त्या वर्षी अशा ३२,४५० गाड्या खपल्या. तिच्या बॉनेटवर दोन नाकपुड्या होत्या. परंतु त्या बंद होत्या. त्यांतून वाऱ्याची झुळूकही आत जात नव्हती. केवळ दिसण्यासाठी पत्र्याला आणलेला तो आव होता. ग्राहकांना ही लबाडी रुचली नसावी, कारण पुढच्या वर्षी कंपनीने विक्रेत्यांमार्फत एक जोड विकावयास काढला. त्यात एक पत्र्याचे तबक आणि भोवतीने बसणारे स्पंजचे पट्टे असत. ते तबक कार्बोरेटरभोवती बसवावयाचे, बॉनेटवरील बंद नाकपुडी मोकळी करावयाची, म्हणजे बाहेरची थंड हवा थेट इंजिनात जाई. पहिल्या वर्षी जे सोंग होते, ते दुसऱ्या वर्षी काम करू लागले. तरीही जाणकार म्हणत की, ती नाकपुडी बॉनेटला इतकी चिकटून आहे की तिच्यात फारसा वारा शिरत नाही. इंजिनाची गर्जना मात्र अधिक मोकळेपणाने बाहेर पडते.

जाणकारांच्या या शेऱ्यात सगळे शास्त्र आले आहे. चालत्या मोटारीच्या पत्र्याला लागून असलेली हवा पत्र्याबरोबर ओढली जाते. तिचा एक मंद, आळसावलेला थर पृष्ठभागावर तयार होतो. नाकपुडीचे तोंड त्या थरात बुडलेले असेल तर तिच्या वाट्याला शिळी हवाच यावयाची. म्हणून खरे काम करणारा स्कूप पत्र्यापासून उंच उचललेला असतो. १९६९ च्या ‘मस्टँग मॅक १’ मध्ये फोर्डने दुसरी युक्ती केली. स्कूप बॉनेटवर न बसविता थेट इंजिनावरील फिल्टरच्या डब्यावर बसविला आणि बॉनेटला पाडलेल्या भोकातून तो वर काढला. इंजिन थरथरले की तोही थरथरे. म्हणून त्याचे नावच ‘शेकर’ पडले. १९७० च्या शेव्हरोले ‘शेव्हेल’ मध्ये तर नाकपुडीचे तोंड मागे, काचेकडे वळविलेले होते. पाहणाऱ्यास हे उफराटे वाटेल. परंतु वेगात जाणाऱ्या गाडीच्या पुढील काचेच्या पायथ्याशी हवा तुंबून तिचा दाब वाढतो, आणि तेथून ती घेणे अधिक फायद्याचे ठरते. आणि १९६४ साली फोर्डने शर्यतीसाठी सुमारे शंभर ‘थंडरबोल्ट’ गाड्या बनविल्या, त्यांच्या बॉनेटवर थेंबाच्या आकाराचा मोठा फुगवटा होता. तो केवळ खालच्या उंच इंजिनाला जागा व्हावी म्हणून. हवा येत होती पुढच्या आतल्या दोन दिव्यांच्या जागी पाडलेल्या भोकांतून! नाक एकीकडे आणि श्वास दुसरीकडे, असा तो प्रकार होता.

मग या सर्व खटाटोपाचा लाभ किती? येथे साधे गणित करून पाहण्यासारखे आहे. पुष्कळांची समजूत अशी की, धावत्या गाडीचा वारा स्कूपमध्ये कोंबला जातो आणि त्या दाबाने इंजिनाला बळ येते. ताशी १०० किलोमीटर वेगाला हा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्काही भरत नाही. वेग दुप्पट केला तर दाब चौपट होतो खरा, तरी तो दोन टक्क्यांच्या आतच राहतो. आणि ताशी २०० किलोमीटर वेगाने जाण्याजोगा रस्ता आपल्याकडे नाही. खरा लाभ दाबाचा नसून गारव्याचा आहे. बाहेर ३० अंश उष्णता असताना बॉनेटखाली ती ६० अंशांवर सहज जाते. तापलेली हवा विरळ होते. या दोन तापमानांतील हवेच्या घनतेत सुमारे नऊ टक्क्यांचा फरक पडतो. इंजिन बॉनेटखालची तापट हवा ओढीत असेल तर बाहेरची थंड हवा मिळाल्याने त्याची शक्ती निश्चित वाढेल. जुन्या अमेरिकन मोटारींत फिल्टरचा डबा इंजिनाच्या माथ्यावर उघडाच बसलेला असे, म्हणून तेथे स्कूपला अर्थ होता. आजच्या बहुतेक मोटारींत कंपनीनेच हवेची नळी पुढील जाळीजवळ वा मडगार्डच्या पोकळीत नेऊन ठेवलेली असते. अशा गाडीला थंड हवा आधीच मिळत असते. तिच्या बॉनेटला भोक पाडून मिळणार काय?

अपवाद आहेत. टर्बोचार्जरने दाबलेली हवा तापते आणि ती गार करण्यासाठी इंटरकूलर लागतो. तो इंजिनाच्या माथ्यावर बसविला असेल, तर त्यावर वारा पडावा म्हणून बॉनेटवर नाकपुडी द्यावीच लागते. सुबारूच्या ‘इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स’ची ती सुप्रसिद्ध नाकपुडी या कारणासाठी आहे. आपल्याकडे २००९ साली आलेल्या पहिल्या टोयोटा फॉर्च्युनरच्या तीन लिटरच्या डिझेल गाडीवर जी होती, तीही याच कामाची होती. या गाड्यांचे अनुकरण म्हणून इतर गाड्यांवर जी कुबडे चिकटविली जातात, त्यांखाली इंटरकूलर नसतो. असते ती केवळ मालकाची हौस.

हौस असू नये असे आमचे म्हणणे नाही. हौसेने माणूस शिकतो. म्हणूनच हे काम घरी करावयाचे झाल्यास ते कसे करतात, हेही सांगितले पाहिजे; कारण त्या कृतीतच या विषयाचे खरे मर्म आहे.

प्रथम बॉनेट मिटून इंजिनाच्या माथ्यावर जागा किती उरते, ते पाहावे लागते. याची जुनी युक्ती अशी की, फिल्टरच्या डब्यावर मऊ मातीचा गोळा ठेवावयाचा, बॉनेट हलकेच मिटावयाचे आणि पुन्हा उघडून दबलेल्या गोळ्याची जाडी मोजावयाची. मग बिजागऱ्यांच्या बोल्टांभोवती पेन्सिलीने खूण करून, दोघांनी दोन बाजूंनी धरून बॉनेट उतरवावयाचे आणि जुन्या घोंगडीवर आडवे ठेवावयाचे. मध्यभागी कागदी चिकटपट्टी लावून दोन्ही कडांपासून मोजीत मध्यरेषा आखावयाची. स्कूप तिच्यावर ठेवून चालकाच्या आसनावरून रस्ता किती झाकला जातो, ते बॉनेट एकदा परत बसवून पाहावयाचे. हे पाहण्याचा कंटाळा करणारा पुढे प्रत्येक वळणावर पस्तावतो. पुठ्ठ्याचा नमुना कापून स्कूपच्या बाह्यरेषेच्या आत सुमारे एक इंच दुसरी रेषा आखतात. कापावयाची ती आतली रेषा. बाहेरच्या रेषेवर करवत चालविली तर स्कूप बसवावयास पत्राच उरत नाही. असे बॉनेट भंगारवाल्याच्या दारी जाते.

त्यानंतरची पायरी बहुतेक नवशिके गाळतात, ती म्हणजे बॉनेट उलटे करून खालची बाजू पाहणे. वरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. त्याला ताठपणा येतो तो खालून बसविलेल्या फासळ्यांमुळे. भोक फासळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत बसत असेल तर ठीक. फासळी तोडावी लागत असेल तर शहाण्या माणसाने तेथेच थांबावे. पुढे चार कोपऱ्यांत ड्रिलने गोल छिद्रे पाडतात, कारण काटकोनी कोपरा राहिला तर बॉनेटच्या प्रत्येक आपटीबरोबर तेथून चीर पुढे सरकते. मग बारीक दात्यांच्या जिगसॉने सावकाश कापतात. फिरत्या चकतीचा कटर वेगाने कापतो खरा, पण त्याच्या उष्णतेने भोवतालचा रंग जळतो आणि ठिणग्यांनी काच कायमची डागते. डोळ्यांवर चष्मा न चढविता हे काम करणे हा तर निव्वळ वेडेपणा. कापून झाल्यावर कडा कानशीने घासावी लागते आणि उघड्या पोलादावर त्याच दिवशी प्रायमरचा हात द्यावा लागतो. ‘उद्या देऊ’ म्हणणाऱ्याकडे आमच्या किनाऱ्यावरची खारी हवा थांबत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तेथे तांबूस झाक आलेली दिसते.

स्कूप बसविताना रिबिटे वा बारीक बोल्ट आणि जोडीला गोंद वापरतात. जोड दिसू नये म्हणून त्यावर लांबी भरून, घासून, एकजीव रंग देण्याचा मोह होतो. परंतु फायबर आणि पोलाद उन्हात सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. दोनचार महिन्यांत त्या जोडाच्या रेषेवर नेमकी भेग पडते. म्हणून अनुभवी कारागीर जोड लपविण्याचा हट्ट धरीत नाहीत; रबराची पट्टी देऊन तो उघडाच ठेवतात. ज्याला पाणी बाहेर काढावयाचे आहे, त्याने स्कूपच्या तळाशी पन्हळ आणि निचऱ्याची नळी दिली पाहिजे. गोव्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या सरोवरात जन्मलेली युक्ती येथे जशीच्या तशी आणणाऱ्याला फिल्टर भिजून गाडी बंद पडण्याचा प्रसंग पहिल्याच आषाढसरीत येईल. सिलिंडरमध्ये पाणी शिरले तर पाणी दाबले जात नाही, दांडाच वाकतो. मग इंजिन उकलण्यावाचून गत्यंतर नाही. मेस्त्रींचा पहिलाच प्रश्न पाण्याविषयी का होता, हे आता ध्यानात येईल.

येथवर हानी झाली तर ती मालकाची. परंतु मोटार रस्त्यावर येते तेव्हा प्रश्न त्याच्या एकट्याचा राहत नाही. बॉनेटच्या खालच्या फासळ्यांत कारखान्याने जाणूनबुजून काही जागा कमकुवत ठेवलेल्या असतात. समोरून धडक बसली असता बॉनेट मध्यावर घडी पडून वर उचलले जावे, सुरीसारखे मागे सरकून काचेतून आत येऊ नये, हा त्यामागचा हेतू. वाटेल तेथे भोक पाडले की ही योजना बिघडते. दुसरी गोष्ट पादचाऱ्याची. गाडीची धडक बसलेल्या माणसाचे डोके पुष्कळदा बॉनेटवर आपटते. तेथला पत्रा दबावा आणि खालच्या कठीण इंजिनापर्यंत डोके पोहोचू नये, अशी मोकळी जागा आजचे रचनाकार मुद्दाम राखतात. युरोपातील ‘युरो एनकॅप’च्या चाचण्यांत १९९७ पासून ही बाब मोजली जाते. त्या नेमक्या जागी टणक, धारदार ओठाचा तुकडा बसविणे म्हणजे अनोळखी माणसाच्या कपाळासाठी दगड मांडून ठेवणे होय. भारतात २०२२ साली रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली आणि त्यांत सुमारे ३३ हजार पादचारी होते. पुढे लोखंडी दांड्यांचे ‘बुल बार’ लावण्यास केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरात राज्यांना पत्र पाठवून मनाई करविली, ती याच विचाराने. आणि ती रास्त होती.

मग कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या आणि नोंदणीपत्रात उतरलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द करून हे कलम कडकपणे लागू केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. आता नोंदणीपत्रात इंजिनाचा क्रमांक असतो, चासीचा असतो, रंग असतो, आसने आणि वजन असते. बॉनेटवरील नाकपुडीचा रकाना नसतो. मग ती बसविणे गुन्हा की नाही? याचे उत्तर सामान्य माणसाने कोठे शोधावे? व्यवहारात ते रस्त्यावर उभ्या असलेल्या अंमलदाराच्या मर्जीवर सोपविले जाते. ज्याची ओळख आहे तो सुटतो आणि ज्याची नाही तो पावती फाडून घेतो. कायद्याविषयी आदर वाढविण्याचा हा मार्ग नव्हे.

कायदा नसावा असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ‘काहीच करू नका’ असे सांगणारा कायदा पाळला जात नाही, आणि ‘असे करा, आणून दाखवा, नोंदवून घ्या’ असे सांगणारा पाळला जातो. जर्मनी काही शिथिल देश नव्हे. तेथे गाडीत बदल करणाऱ्यास बंदी नाही. त्याने प्रमाणित भाग वापरावा, अन्यथा मान्यताप्राप्त तपासनिसापुढे गाडी उभी करावी आणि बदल कागदपत्रांत नोंदवून घ्यावा, असा दंडक आहे. ज्या भागाला आधीच सर्वसाधारण मान्यता आहे, त्याला तर स्वतंत्र तपासणीचीही गरज पडत नाही. एवढ्या दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्याच कायद्याने पेट्रोलच्या गाडीला मान्यताप्राप्त गॅसकिट बसविण्याची आणि ते नोंदणीपत्रात चढविण्याची सोय ठेवली आहे. अपंग व्यक्तीला आपली गाडी हाताने चालविता येईल अशी बदलून घेण्याची मुभाही त्याने दिली आहे. म्हणजे तपासून परवानगी देण्याचे तत्त्व मान्य आहे. ते लहान कामांपर्यंत पोहोचलेले नाही, एवढेच.

आणि येथेच आम्हांस या विषयाचे खरे महत्त्व दिसते. ज्या हाताने हौसेखातर बॉनेट कापले जाते, तोच हात उद्या पाय गमावलेल्या माणसासाठी ब्रेक आणि क्लचचे दांडे स्टिअरिंगजवळ आणून बसवू शकतो. त्याला लागणारी मोजणी, पत्र्याची जाण आणि धीर एकच. तो हात तयार होण्याआधीच दंडाच्या धाकाने आखडून घ्यावयास लावला, तर हे दुसरे काम कोण करणार?

गोव्याला तर या हस्तकौशल्याचा जुना वारसा आहे. मुक्तिपूर्व काळाच्या अखेरच्या वर्षांत खनिजाच्या पैशावर येथे परदेशी मोटारी येत होत्या. १९६१ नंतर त्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले. भारतात आयातीवर निर्बंध होते आणि येथील गाड्यांचे भाग ना मुंबईत मिळत ना मद्रासेत. तरीही त्यांतील कितीतरी गाड्या पुढे अनेक वर्षे आमच्या चढउतारांवर धावत राहिल्या. त्या धावल्या त्या येथील मेस्त्रींच्या हातांवर. एका गाडीचा पंप दुसरीला बसवावयाचा, झिजलेली बुशिंगे लेथवर कातून घ्यावयाची, सडलेला पत्रा कापून नवा ठोकून बसवावयाचा. अमेरिकन तरुणाने विपुलतेतून जे केले, ते आमच्या मेस्त्रींनी टंचाईतून केले. फरक इतकाच की, तिकडे त्या कामाची मासिके निघाली, शर्यती झाल्या, शाळांतून त्याचे वर्ग चालले. इकडे ते काम करणाऱ्याचे नावही कोणी लिहून ठेवले नाही. आणि आज त्या मेस्त्रींच्या मुलांना विचारा. हातात पाना धरण्यापेक्षा कचेरीत शिपायाची जागा त्यांना अधिक प्रतिष्ठेची वाटते. हा दोष त्या मुलांचा नव्हे; हाताला काळे लागले की माणूस खालचा, असे मानणाऱ्या आपल्या सर्वांचा आहे.

म्हणून आम्ही वाहतूक खात्याला दोन सूचना करू इच्छितो. पहिली अशी की, कोणते बदल मुळीच चालणार नाहीत, कोणते तपासणीनंतर चालतील आणि कोणते विनापरवानगी करता येतील, याची स्पष्ट यादी मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत प्रत्येक नोंदणी कार्यालयात लावावी. कर्णकर्कश सायलेन्सर आणि लोखंडी दांडे पहिल्या यादीत राहोत. आमची त्याला हरकत नाही, उलट आग्रह आहे. तथापि प्रत्येक गोष्ट त्याच यादीत ढकलू नये. दुसरी सूचना अशी की, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या कर्मशाळा सुटीच्या दिवशी अशा हौशी तरुणांसाठी खुल्या कराव्यात. जुनी बॉनेटे भंगारात पडून आहेत, शिकविणारे मेस्त्री अजून हयात आहेत आणि शिकू इच्छिणारे हात खोकी घेऊन दारोदार हिंडत आहेत. या तिघांना एका छपराखाली आणण्यास फार मोठा निधी लागणार नाही.

तरुणांनाही चार शब्द सांगावेसे वाटतात. जे काम करीत नाही ते केवळ दिसावे म्हणून आपल्या वस्तूला चिकटवू नका. काम करणारे काही बसवावयाचे असेल तर आधी ते का काम करते, हे समजून घ्या. रस्त्यावरून चालणारा माणूस तुमच्या हौसेत सहभागी झालेला नाही, त्याला तिची किंमत मोजावयास लावू नका. आणि एवढे करून हाताला काळे लागलेच, तर त्याची लाज बाळगू नका.

त्या दिवशी आमची गाडी तयार झाली तेव्हा तो तरुण अद्याप तेथेच होता. मेस्त्रींनी त्याला गॅरेजच्या मागे टाकलेले एक गंजके, पोचे आलेले बॉनेट दाखविले होते. “हे आधी काप,” ते म्हणाले, “आणि कापून झाले की खालून बघ, फासळी तुटली का. ती तुटली नसेल तर तुझ्या गाडीचे बोलू.” तरुणाने खोके बाजूला ठेवले, चष्मा मागून घेतला आणि मातीत गुडघे टेकून तो मध्यरेषा आखू लागला. पुढे त्याने आपली गाडी कापली की नाही, ते आम्ही विचारले नाही. त्या जुन्या बॉनेटखाली वाकून त्याने पहिल्यांदाच फासळ्या मोजल्या, तेवढे मात्र आम्ही पाहिले.